लहान देह, मोठी भूक : चिवावाच्या पिलाची जोपासना

१८८३ साली म्युनिक येथे माक्स रुब्नर ह्या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने लहानमोठ्या सात कुत्र्यांच्या देहांत दिवसाकाठी किती उष्णता निर्माण होते, ह्याचा बारकाईने हिशेब मांडला. त्यांतील सर्वांत मोठ्या कुत्र्याचे वजन सुमारे ३१ किलोग्रॅम, तर सर्वांत लहानाचे ३ किलोग्रॅमांहून किंचित अधिक होते. एकूण उष्णता मोठ्या कुत्र्याच्या देहात अधिक निर्माण व्हावी, हे उघडच होते. परंतु वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे किती, असा प्रश्न विचारला तेव्हा उत्तर नेमके उलट आले. मोठा कुत्रा किलोग्रॅममागे दिवसाला सुमारे ३६ उष्मांक खर्च करीत होता, लहान कुत्रा ८८.

असे का व्हावे, हे समजण्यास साधी भूमिती पुरेशी आहे. १० सेंटिमीटर बाजूचा एक घन घेतला, तर त्याचे घनफळ १,००० घन सेंटिमीटर आणि पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर भरते. बाजू दुप्पट केली, की घनफळ आठपट म्हणजे ८,००० होते, पृष्ठफळ मात्र चौपटच, म्हणजे २,४०० होते. वस्तू जितकी लहान, तितका तिचा पृष्ठभाग तिच्या आकारमानाच्या मानाने अधिक. सजीवाच्या देहातील उष्णता मुख्यतः पृष्ठभागावाटेच बाहेर पडते. तेव्हा लहान प्राण्याला ऊब टिकविण्यासाठी आपली भट्टी अधिक जोराने पेटती ठेवावी लागते, आणि भट्टीला इंधन लागते. पुढे १९३२ साली माक्स क्लायबर ह्याने निरनिराळ्या प्राण्यांच्या मापनांवरून दाखवून दिले की, हा खर्च पृष्ठफळाच्या नव्हे, तर वजनाच्या सुमारे तीनचतुर्थांश घाताच्या प्रमाणात बदलतो. पशुवैद्य आजही कुत्र्याच्या आहाराचे गणित ह्याच घातावरून करतात. त्या गणितानुसार विश्रांतीच्या अवस्थेत ३० किलोग्रॅम वजनाच्या कुत्र्यास किलोग्रॅममागे सुमारे ३० उष्मांक लागतात, तर १ किलोग्रॅमच्या कुत्र्यास ७०. शिवाय तो वाढीच्या वयातील पिलू असेल, तर प्रत्यक्ष गरज ह्याच्या अडीच-तीनपट होते.

हे सारे विवेचन येथे करण्याचे कारण असे की, अलीकडे शहरांतील लहान घरांत तळहातावर मावणारी कुत्री पाळण्याची हौस वाढली आहे. घर लहान, तेव्हा कुत्राही लहान असावा, म्हणजे त्याची काळजीही लहानच असेल, असा हिशेब पुष्कळजण मनाशी करतात. तो चुकीचा आहे. चिमुकल्या जातीचा कुत्रा म्हणजे मोठ्या कुत्र्याची छोटी प्रतिकृती नव्हे. त्याच्या देहाचे गणितच निराळे असते, आणि ते न समजल्यामुळे धडधाकट दिसणारे पिलू नव्या घरी आल्यावर दोनतीन दिवसांत दगावते, असेही घडते.

ह्या जातींपैकी सर्वांत प्रसिद्ध जात चिवावा ही होय. मराठीत तिचे नाव चिहुआहुआ असेही लिहिलेले आढळते. मेक्सिकोच्या उत्तरेकडील चिवावा ह्या राज्यावरून ते पडले आहे. पूर्ण वाढलेल्या चिवावाचे वजन सामान्यतः ३ किलोग्रॅमांच्या आत असते आणि खांद्यापाशी त्याची उंची साधारण १५ ते २३ सेंटिमीटर भरते. एवढा लहान कुत्रा लांडग्याच्या वंशात निपजला तरी कसा, ह्या प्रश्नाचे एक उत्तर २००७ साली मिळाले. इन्शुलिनसदृश वृद्धिघटक निर्माण करणाऱ्या जनुकाचे एक विशिष्ट रूप बहुतेक सर्व लहान जातींत सामाईक असल्याचे त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. मनुष्यानेच हे रूप घडविले, अशी कोणाची कल्पना होईल; परंतु २०२२ साली सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या एका सैबेरियन लांडग्याच्या अवशेषांतही लहान आकाराशी निगडित असलेला त्या जनुकातील फरक आढळला. म्हणजे लहानपणाचे बीज निसर्गात आधीपासूनच होते. मनुष्याने ते वेचून घेतले, एवढेच.

वेचण्याची ही हौस आता अतिरेकास गेली आहे. ‘टीकप’ म्हणजे चहाच्या कपात मावणारा कुत्रा, अशा नावाने जी पिले विकली जातात, ती कोणतीही स्वतंत्र जात नव्हे; प्रमुख श्वानसंस्थांनी तिला मान्यता दिलेली नाही. वेतातील सर्वांत खुरटलेले पिलू, किंवा अशा खुरट्या जोड्यांची संतती, किंवा केवळ वयाने कमी असल्यामुळे लहान दिसणारे पिलू, हेच बहुधा ह्या नावाखाली गिऱ्हाइकाच्या हाती पडते. आपल्या देशात श्वान प्रजनन व विक्री नियम २०१७ साली लागू झाले. त्यांनुसार कुत्र्यांचे प्रजनन करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिलू विकण्यास मनाई आहे. चिमुकल्या जातींच्या बाबतीत तर दहाबारा आठवडे पिलू आईपाशी राहू देणे अधिक हिताचे. पिलू घेणाऱ्याने विक्रेत्याकडे नोंदणीचा दाखला मागावा, पिलाची आई प्रत्यक्ष पाहावी, आणि पिलू सध्या काय व किती वेळा खाते, हे लिहून घ्यावे. आई दाखविण्याची टाळाटाळ करणाऱ्याकडून पिलू न घेणेच बरे.

साखर कमी पडते तेव्हा

पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने एकच गोष्ट शिकायची झाली, तर ती ही. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेपैकी काही भाग यकृत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते, आणि पोट रिकामे झाले की तीच साखर थोडीथोडी रक्तात सोडते. हा साठा संपल्यावर प्रौढ प्राण्याचा देह चरबी व प्रथिने मोडून काम भागवितो. मात्र पाऊणएक किलोग्रॅमच्या पिलाचे यकृत इवलेसे असते, स्नायू बेताचे, आणि चरबी जवळजवळ नसतेच. प्रथिनांपासून साखर बनविण्याची यंत्रणाही त्याच्या देहात अजून पुरती रुळलेली नसते. उलट देहाच्या मानाने मेंदू मोठा असतो, आणि मेंदूचे मुख्य इंधन साखर हेच आहे. जमा थोडी व खर्च मोठा, अशी ही स्थिती असते. एक जेवण चुकले, रात्र थंड पडली, मुलांनी दुपारभर खेळविले, जंत झाले किंवा दोन वेळा जुलाब झाले, एवढ्याने रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली उतरू शकते. साधारण तीनचार महिन्यांच्या वयापर्यंत हा धोका विशेष असतो. नव्या घरातील पहिले दोनतीन दिवस तर सर्वांत कठीण, कारण आईचा विरह, प्रवास, अनोळखी आवाज आणि अन्नावरची वासना उडणे हे सारे त्याच वेळी एकत्र येते.

लक्षणे प्रारंभी फसवी असतात. पिलू सुस्तावते, तेव्हा ते खेळून दमले असेल असे वाटते. मग चाल डगमगते, नजर शून्यात लागल्यासारखी होते, अंग थरथरू लागते, हिरड्या फिक्या पडतात. पुढची पायरी झटके येण्याची, आणि त्यानंतरची बेशुद्धीची. ह्या पायऱ्या काही तासांत, कधी त्याहूनही लवकर ओलांडल्या जातात. अशा वेळी मध, ग्लुकोजची पूड कालवलेले पाणी अथवा साखरेचा दाट पाक बोटावर घेऊन पिलाच्या हिरड्यांवर चोळावा. शुद्ध हरपलेल्या किंवा झटके येत असलेल्या पिलाच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. चोळतानाही बोट दातांत सापडणार नाही, अशी खबरदारी घ्यावी. पिलाला उबदार कपड्यात गुंडाळावे आणि तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. साखर लावताच पिलू उठून बसले, तर थोडे अन्न द्यावे, तथापि पशुवैद्याकडे जाणे रद्द करू नये. चोळलेली साखर लवकरच संपते, आणि ती कमी पडण्याचे मूळ कारण देहात तसेच असते. रोजच्या अन्नात साखर मिसळून हा प्रकार टळेल, ही समजूतही खरी नाही. तो टळतो वेळेवर दिलेल्या योग्य अन्नाने.

म्हणून चिवावाच्या लहान पिलास दिवसातून चार ते सहा वेळा थोडेथोडे खाऊ घालावे. रात्रीचे शेवटचे खाणे निजण्याच्या अगदी आधी, आणि सकाळचे पहिले खाणे उजाडताच. पहिला आठवडा पूर्वीच्या जागी मिळत असे तेच अन्न चालू ठेवावे. बदल करायचाच असेल, तर सातआठ दिवसांत नवे अन्न हळूहळू मिसळत न्यावे. पोळी कुस्करून दुधात घातली म्हणजे कुत्र्याचे पिलू वाढते, हा आपल्याकडील जुना समज आहे. रस्त्यावरील कुत्री अशा अन्नावर जगतात हे खरे. परंतु त्यांतील किती पिले मोठी होतात, हे कोणी मोजीत नाही. वाढत्या पिलास पुरेशी प्रथिने आणि ठरावीक प्रमाणात कॅल्शियम व फॉस्फरस लागते, ते दूधपोळीतून मिळत नाही. गाईम्हशीच्या दुधातील शर्करा कित्येक पिलांना पचत नाही आणि जुलाब होतात. लहान जातींच्या पिलांसाठी तयार केलेले संतुलित अन्न मिळते, ते सोयीचे. घरचेच अन्न द्यावयाचे असल्यास पशुवैद्याकडून प्रमाण ठरवून घ्यावे.

जुलाबांची गोष्ट किरकोळ समजू नये. ३० किलोग्रॅमच्या कुत्र्याच्या देहातून दीड लिटर पाणी गेले, तर त्याच्या वजनाचा विसावा भाग गेला, आणि ते कोणाच्याही नजरेस येईल. एक किलोग्रॅमच्या पिलाच्या बाबतीत तेवढेच संकट ५० मिलिलिटर पाण्याने येते, म्हणजे चहाच्या लहान कपाच्या निम्म्याहून कमी. ह्यासाठी स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखविणारा वजनकाटा हे फार उपयुक्त साधन आहे. रोज एकाच वेळी पिलाचे वजन करून वहीत टिपून ठेवावे. वाढत्या पिलाचे वजन दोन दिवस सलग घटले, तर बाकी सारे ठीक दिसत असले तरी पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. घरात शाळकरी मूल असल्यास ही नोंद त्याच्याकडे सोपवावी. आलेख काढण्यास ह्याहून चांगले निमित्त क्वचितच मिळेल.

ऊब आणि ऊन

कुत्र्याच्या देहाचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सियस, म्हणजे मनुष्याहून थोडे अधिक असते. दिल्ली, ग्वाल्हेर किंवा इंदूर येथील हिवाळ्यात उघड्या फरशीवर निजलेले पिलू ही उष्णता झपाट्याने गमावते. त्याच्यासाठी जमिनीपासून थोडे उंच, वाऱ्याच्या झोतापासून दूर आणि घोंगडीने आच्छादलेले खोके असावे. थंडी कडक असेल तेव्हा गरम पाण्याची पिशवी जाड कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूस ठेवावी, म्हणजे उकडू लागल्यास पिलाला दुसऱ्या बाजूस सरकता येईल. हीच भूमिती उन्हाळ्यात उलटी चालते. बाहेरची हवा देहाहून तापली, की मोठ्या पृष्ठभागावाटे उष्णता तितक्याच वेगाने आत शिरते. कुत्र्याला मनुष्यासारखा अंगभर घाम येत नाही. जिभेवाटे पाण्याची वाफ करूनच तो अंग निववितो. त्यातून चिवावाचे पोट तापलेल्या रस्त्यापासून वीतभरही उंच नसते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत त्याला क्षणभरही ठेवू नये.

हाडे, टाळू आणि गळा

प्राणी मोठा होत गेला, की त्याची हाडे लांबीच्या मानाने अधिकच जाड व्हावी लागतात, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले. हाच विचार पुढे नेऊन जे. बी. एस. हॉल्डेन ह्या शास्त्रज्ञाने १९२६ साली एका निबंधात लिहिले की, खोल खाणीत पडलेला उंदीर किंचित धक्का बसून चालू लागतो, आणि तेथेच घोड्याचा चेंदामेंदा होतो. हॉल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, येथील नागरिक झाले, आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. त्यांच्या उंदराचे उदाहरण ऐकून कोणी म्हणेल, मग चिमुकल्या कुत्र्याला पडण्याचे भय कशाला? परंतु चिवावा उंदराहून कितीतरी जड असतो आणि त्याचे पुढचे पाय काडीसारखे बारीक असतात. पिलाच्या पायाचे हाड पेन्सिलीहूनही बारीक असते. शिवाय लहान जातींत पुढच्या पायाच्या खालच्या टोकाकडील हाडास रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून तेथे मोडलेले हाड सांधण्यास विलंब लागतो. आपले कोच आणि पलंग मनुष्याच्या मापाचे असतात. ४५ सेंटिमीटर उंचीच्या कोचावरून उडी मारणे म्हणजे चिवावाने स्वतःच्या उंचीच्या दुपटीहून अधिक खाली झेपावणे होय. ह्या जातींत पायाचे हाड मोडते ते बहुधा अशाच उडीने, किंवा मुलाच्या हातातून निसटून. म्हणून लहान मुलांनी पिलाला उभ्याने उचलू नये. जमिनीवर मांडी घालून बसावे आणि मग मांडीवर घ्यावे. उचलताना मोठ्यांनीही एक हात छातीखाली आणि दुसरा मागील पायांखाली द्यावा. घरात चालताना पायांखाली काय आहे ते पाहण्याची सवय सर्वांनाच लावून घ्यावी लागते. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा रबरी चटई अंथरणे चांगले. गुडघ्याची वाटी आतल्या बाजूस सरकण्याचा दोष ह्या जातीत वारंवार आढळतो. पिलू पळता पळता मागचा पाय उचलून दोनतीन पावले लंगडते आणि पुन्हा नीट चालू लागते, ही त्याची खूण होय.

तान्ह्या मुलाची टाळू जशी काही महिने भरून येत नाही, तशी पुष्कळ चिवावांची आयुष्यभर पूर्णपणे भरत नाही. तेवढ्यावरून मेंदूत पाणी झाले, असा निष्कर्ष काढू नये; परंतु डोके घुमटासारखे फुगलेले, वागणे मंद आणि वाढ खुंटलेली असेल, तर तपासणी अवश्य करावी. लाडाने डोक्यावर टपली मारण्याची रीत ह्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र सोडून द्यावी. गळ्याचीही हीच गोष्ट. चिमुकल्या जातींत श्वासनलिकेची कूर्चा दुबळी असून नलिका चपटी होण्याचा विकार आढळतो, म्हणून दोरी गळपट्ट्यास न बांधता छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यास बांधावी.

दातांचे थोडक्यात सांगता येईल. प्रौढ कुत्र्याला ४२ दात असतात, मग तो जबडा मोठ्या कुत्र्याचा असो की चिवावाचा. गर्दी होते, अन्न अडकते, आणि कधी दुधाचे दात न पडताच शेजारी कायमचे उगवतात. सहासात महिन्यांच्या सुमारास तोंड तपासून घ्यावे, आणि कुत्र्यांसाठी असलेल्या पेस्टने दात घासण्याची सवय पिलूपणीच लावावी.

विष आणि प्रमाण

विषाची बाधा वजनाच्या प्रमाणात होते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, पण तिचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. चॉकलेटमधील थिओब्रोमीन हे द्रव्य कुत्र्याच्या देहातून फार सावकाश बाहेर पडते. किलोग्रॅममागे सुमारे २० मिलिग्रॅम पोटात गेल्यास त्रास सुरू होतो. गडद चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये साधारण ५ मिलिग्रॅम थिओब्रोमीन असते. म्हणजे एक किलोग्रॅमच्या पिलाला ४ ग्रॅमचा तुकडा पुरतो. ताप आला म्हणून पॅरासिटॅमॉलची ५०० मिलिग्रॅमची गोळी देणे, हे तर जीव घेणे होय. पन्नास किलोग्रॅमच्या मनुष्यास जी मात्रा किलोग्रॅममागे १० मिलिग्रॅम पडते, तीच ह्या पिलास ५०० मिलिग्रॅम पडते. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेल्या वस्तू ही कुत्र्यांना बाधक आहेत. आपल्या स्वयंपाकात कांदालसूण नसलेला पदार्थ विरळा, म्हणून ताटातले उरलेले पिलास घालण्याची पद्धत बंद ठेवावी. मनुष्याचे कोणतेही औषध पशुवैद्यास विचारल्यावाचून देऊ नये.

लस आणि जगाची ओळख

आईच्या पहिल्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे पिलाचे काही आठवडे रक्षण करतात, पण तीच प्रतिपिंडे लशीला निष्प्रभ करतात. ती नेमकी केव्हा नाहीशी होतील हे पिलागणिक भिन्न असते. म्हणून डिस्टेंपर, पार्व्होव्हायरस इत्यादींची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दर दोनचार आठवड्यांनी, आणि शेवटची मात्रा सोळा आठवड्यांनंतर, अशी योजना असते. मधलीच एखादी मात्रा झाली की काम संपले, असे समजणारे पालक ह्याच ठिकाणी फसतात. पिलू लहान म्हणून लशीची मात्रा अर्धी करीत नाहीत, कारण प्रतिकारशक्ती जागी करण्यास ठरावीक मात्राच लागते. तथापि एकाच वेळी अनेक लशी टोचल्यास लहान कुत्र्यांत प्रतिक्रिया अधिक प्रमाणात आढळते. त्यामुळे लशी काही दिवसांच्या अंतराने देता येतील काय, हे पशुवैद्यास विचारावे आणि टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्यास, आणि पुन्हा वर्षाने. कुत्रा एवढासा, त्याचे दात ते काय लागणार, असे म्हणून चावा दुर्लक्षू नये. रेबीजचा विषाणू दाताच्या आकाराकडे पाहत नाही. कोणत्याही कुत्र्याने चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

लशी पुऱ्या होईपर्यंत पिलाला रस्त्यावर खाली सोडू नये, हे खरे. परंतु त्याला घरात कोंडूनही ठेवू नये. अमेरिकेतील बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर ह्यांनी अनेक वर्षे पिलांवर निरीक्षणे करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तीन ते बारा आठवड्यांच्या सुमाराचा काळ पिलाला सोबत्यांची व माणसांची ओळख होण्याचा काळ असल्याचे दाखविले आहे. तो निसटला, की भित्रेपणा जाता जात नाही. चिवावा भुंकरा व चावरा असतो, अशी जी ख्याती आहे, तिचे बरेचसे मूळ ह्यात आहे. त्याला सदैव कडेवर वागविले जाते, आणि मोठ्या कुत्र्याचे जे गुरगुरणे कोणी खपवून घेणार नाही, ते त्याच्या बाबतीत हसण्यावारी नेले जाते. पिशवीत किंवा हातात घेऊन त्याला बाजाराचा गलबला, शिट्टी, पावसाचा आवाज, छत्री, म्हातारी माणसे व मुले ह्यांची ओळख करून द्यावी, आणि ते शांत राहिल्यास खाऊचा कण द्यावा. मूत्राशय लहान असल्यामुळे घर घाण न करण्याचे शिक्षण त्याला मोठ्या कुत्र्यापेक्षा सावकाश येते. दर तासा-दोन तासांनी, तसेच प्रत्येक झोपेनंतर व जेवणानंतर त्याला ठरलेल्या जागी न्यावे. मारल्याने ते केवळ लपून मुतण्यास शिकते.

चिमुकल्या जातींची वाढ आठदहा महिन्यांत पुरी होते. त्या सुमारास पिलाचे अन्न बदलून प्रौढ कुत्र्याचे द्यावे आणि खाण्याच्या वेळा दोनतीनवर आणाव्या. वजनाची वही मात्र पुढेही चालू ठेवावी. आता काळजी घटण्याची नसून वाढण्याची असते. अडीच किलोग्रॅमच्या कुत्र्यावर चढलेले पाव किलोग्रॅम म्हणजे साठ किलोग्रॅमच्या मनुष्यावर चढलेले सहा किलोग्रॅम होत, आणि ते त्या बारीक पायांनाच पेलावे लागतात.